यांच्या सायकलचा चिमटा

“जरा मान वळव,” म्हणून यांनी माझ्या अंबाड्याचा रबर ओढून काढला, तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. केस पाठीवर सुटले. “अहो, हे काय!” म्हणेपर्यंत हे बाहेरच्या खोलीत पोचलेसुद्धा. कात्रीने रबर कापला, भिंतीला टेकवलेल्या सायकलच्या पुढच्या चकचकीत नळीभोवती त्याची गाठ मारली, गाठ सरकवत नळीच्या तळाशी नेली, आणि सायकलवर बसून, भिंतीला कोपर टेकून दोन्ही पाय अधांतरी धरले.

“मंदा, ये गं लवकर. वाकून बघ, रबर किती वर सरकला?”

“कणीक वाळतेय माझी.”

“वाळू दे. एक बोट की दोन?”

मी वाकले. “एक. एकाहून जरासा जास्त.”

“एकच?” यांचा चेहरा पडला. “मग कडकच आहे अजून. तरीच काल रेघ हलली.”

काल ऑफिसात रेघ हलली, म्हणून आज माझ्या केसांचा रबर गेला. आमच्या घरी त्या दिवसांत हे असंच चालायचं.

कुणी म्हणेल, बाई नवऱ्याचं खूळ सांगत बसलीय. खूळच होतं ते. पण खुळाला कारण असतं, आणि यांचं कारण यांच्या उजव्या हातात होतं.

हे सर्वेच्या ऑफिसात ट्रेसर. जुने गावनकाशे विरायला लागले की त्यांच्यावर ट्रेसिंगचं कापड अंथरायचं आणि शाईच्या पेनने एकेक रेघ नव्याने काढायची, हे यांचं काम. एका शेताची हद्द केसभर शेजारच्या शेतात गेली की दोन सख्खे भाऊ कोर्टात उभे. साहेब बदलून जाताना नव्या साहेबांना सांगून जायचे की नाजूक शीट असेल तर गुरुदत्तला द्या, त्याच्या हातासारखा दुसरा हात नाही. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, एका निरोपसमारंभात, हातात वेफरची बशी धरून. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागले नव्हते, खोटं कशाला सांगू.

त्र्याण्णवच्या सुमारास तो हात थरथरायला लागला. आधी नुसतं वळणावर पेन जरा चाचरायचं. मग सरळ रेघेतही. ब्लेडने खरवडून हे दुरुस्त करायचे आणि घरी येऊन गप्प बसायचे. एक दिवस मात्र उजळलेल्या चेहऱ्याने आले. कारण सापडलं होतं.

“रस्ता!” हे म्हणाले. “मंदा, तो कोपरीचा पूल आहे ना, त्याच्यावर केबलवाल्यांनी काय खणून ठेवलंय बघ. रोज सकाळी सायकलचं हँडल माझ्या हातांना नुसतं कुटून काढतं. मग तो हात दिवसभर हलेल नाही तर काय होईल?”

मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. रस्ता खराब आहे म्हटलं की त्याला शिव्या देता येतात, कधीतरी डांबर पडेल अशी आशा धरता येते. दुसरं काही म्हटलं असतं तर कुणाला शिव्या द्यायच्या होत्या आम्ही?

त्या दिवाळीला माझा धाकटा दीर आनंद अमेरिकेहून आला. तिकडे हा सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन डोंगर चढतो आणि वरून सुसाट खाली येतो म्हणे. यांनी फोनवर रस्त्याचं रडगाणं गायलं होतं. म्हणून आनंदने आपल्या सायकलचा पुढचा भाग उतरवून, टॉवेलमध्ये गुंडाळून, कपड्यांच्या बॅगेतून आणला. आम्ही आपले चॉकलेटची वाट बघत होतो.

“दादा, हा फोर्क,” आनंदने टॉवेल सोडला. “पुढचं चाक याच्यात बसतं. या दोन नळ्या या दोन नळ्यांच्या आत सरकतात. आत रबराचे ठोकळे आहेत. खड्डा आला की चाक वर जाईल, ठोकळे दबतील, तुझ्या हातापर्यंत काही येणारच नाही.”

“काहीच नाही?” यांनी विचारलं.

“दगडांवरून जातो मी याच्यावर. पुलावरच्या खड्ड्याचं काय घेऊन बसलास!”

यांनी तो फोर्क दोन्ही हातांत धरून जमिनीवर दाबला. तो खाली गेला आणि हलकेच वर आला. पुन्हा दाबला. पुन्हा वर आला. असं कितीतरी वेळ चाललं होतं. आनंद आणि मी फराळ करत होतो आणि हे एखाद्याचा श्वास बघत बसावं तसे त्याच्याकडे बघत होते.

कोपरीतल्या कुंडलिक सायकलवाल्याने हा फोर्क पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. त्यांच्या धंद्यात या भागाला चिमटा म्हणतात. “साहेब, चिमटा म्हणालात आणि हे तर स्कूटरचं शॉकअप आणलंत की!” तो म्हणाला. आमच्या जुन्या काळ्या सायकलला तो बसेना. मग कुंडलिकने पोरं चालवतात तसली जाड टायरची एक वापरलेली सायकल शोधली, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून एक कडं कातून आणलं आणि चिमटा एकदाचा बसवला. सायकल पुढून उंच झाली. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीची पँट, डब्याची पिशवी आणि खाली ही मान वर केलेली सायकल. आमच्या बिल्डिंगमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

पण पहिल्या दिवशी हे पुलावरून जाऊन आले, तेव्हाचा चेहरा मी विसरायची नाही. दारातच उभे राहिले. बूट काढायचं भान नव्हतं.

“मंदा, रस्ताच नाही गं राहिला.”

“म्हणजे?”

“म्हणजे खड्डे दिसतात. डोळ्यांना दिसतात, पण हाताला कळत नाहीत. खाडीवरून गेल्यासारखं वाटतं. भरतीच्या वेळी, होडी नुसती सोडून दिली की जाते ना तशी.”

आणि खरंच, काही दिवस रेघ हलली नाही. निदान यांनी तसं सांगितलं आणि मी ते मानलं. देवांना फुलं वाहून झाली की उरलेलं एक मी त्या हँडलमध्ये खोचायची. हसायचं त्याने खुशाल हसावं. माझ्या घरात तेव्हा त्या दोन नळ्यांपेक्षा मोठा देव नव्हता.

मग पुन्हा सुरू झालं. आधी थोडं, नंतर जास्त, पण रेघ हलायला लागली. आणि यांनी ठरवलं की चिमटा अजून नीट लागलेला नाही.

आनंदने जाताना ठोकळ्यांची एक पिशवी देऊन ठेवली होती. पिवळे मऊ, निळे कडक. वरची टोपी फिरवून काढायची, नळीतून ठोकळ्यांची माळ बाहेर ओढायची, कुठे पिवळा घालायचा, कुठे निळा, ते ठरवायचं, ग्रीस लावायचं आणि पुन्हा बसवायचं. ठोकळे आपल्या वजनाला बेतून घ्यावे लागतात. नुसतं बसल्यावर जरासं दबलं पाहिजे, अगदी तळाला जाता कामा नये. ते मोजायला माझा रबर. हे दर रविवारी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून बसायचे. यांचं स्वतःचं शास्त्रच तयार झालं होतं. रेघ वळणावर हलली की एक पिवळा वाढव. सरळ जाताना हलली की निळा वाढव. संध्याकाळी जिन्यावर यांची पावलं वाजली की आज कुठला ठोकळा बदलणार ते मला कळायचं.

ठोकळे बदलले की हे सायकलवर बसायचे, भिंतीला टेकून, डोळे मिटून, आणि हलकेच वर-खाली होत राहायचे. आमची खिडकी खाडीच्या अंगाला. उजेड जात असायचा, भरतीचं पाणी तिवरांमध्ये शिरत असायचं, त्याचा वास खोलीत यायचा. मी दिवा लावायची नाही. तशा अंधारात हे वर-खाली होताना पाहिले की मला वाटायचं, आपण दोघं घरात नाहीच आहोत, कुठेतरी पाण्यावर आहोत, आणि काठ यायची घाई कुणालाच नाही. फार गोड वाटायचं ते. लगेच भीतीही वाटायची.

माझी धाकटी बहीण सरोज कल्याणला हॉस्पिटलात नर्स. तोंडाने फटकळ, मनाने मऊ. ती एकदा सुट्टीच्या दिवशी आली. यांनी चहाचा कप तिच्या हातात दिला तो बशीत खडखडत.

सरोजने कप घेतला. चहा प्यायली. मग म्हणाली, “भावोजी, हात कधीपासून हलतोय?”

“शॉकअप कडक आहे सरोज. पिवळे जुने झालेत, दबत नाहीत.”

“आत्ता तुम्ही सायकलवर कुठे आहात?”

हे हसले. “अगं, सकाळी जाऊन आलो ना. ते उतरायला वेळ लागतो.”

सरोज माझ्याकडे बघायला लागली. मी डब्यातल्या चकल्या मोजल्यासारखं करत बसले. जाताना जिन्यात ती मला म्हणाली, “ताई, त्यांना डॉक्टरकडे ने. माझ्या ओळखीचे आहेत कल्याणला. उगाच रबर दाबत बसू नका दोघं.”

“रस्ताच खराब आहे गं इथला,” मी म्हणाले.

“तर तर! अख्ख्या ठाण्यात तुमच्याच घरासमोर खराब आहे,” म्हणून ती तरातरा उतरून गेली.

त्या रात्री जेवताना मी धीर केला. “एक विचारू? उद्या चालत जा ना ऑफिसला. लांब आहे कुठे! पुलावरून पलीकडे गेलं की आलंच.”

यांनी हातातला घास खाली ठेवला. “कशाला?”

“सायकल नाही, धक्का नाही. हाताला तेवढाच आराम.”

“चालायचं नाही मला!” हे एकदम ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांचा आवाज कधी शेजारी गेला नव्हता. तो त्या दिवशी गेला. मग लगेच खाली बघून म्हणाले, “आमटी वाढ.”

मी आमटी वाढली. तेव्हाच मला कळलं की हे चालत का जात नाहीत. चालत गेल्यावरही हात हलला असता, तर मग रस्त्यावर काय ढकलणार होते?

पावसाळा सरला तसा खाडीचा खारा वारा लागून त्या चकचकीत नळ्यांवर बारीक तांबडे ठिपके दिसायला लागले. हे अस्वस्थ झाले. नेमकं तेव्हाच ऑफिसात टिटवाळ्याकडच्या एका गावाचं भलंमोठं शीट यांच्याकडे आलेलं. तिकडे प्लॉट पडायला लागले होते आणि मूळ नकाशा पार चाळणी झाला होता. साहेबांनी विश्वासाने यांना दिलं. हे शीट नीट उतरलं तर सगळं ठीक आहे, आणि नाही उतरलं तर काय, ते यांनी मला सांगितलं नाही, पण ते उशीजवळ येऊन बसलेलंच असायचं.

आमच्याकडे भागीरथी कोळीण मासळी घेऊन यायची, चेंदणी कोळीवाड्यातली. आम्हा कायस्थांकडे मासळीवाली म्हणजे घरचंच माणूस. तिने पाटी टेकवली आणि हे ब्रासोने नळ्या घासताना बघून हसायला लागली.

“काय वो वयनी, सायकल हाय का पालन्यातला पोर? दादा सकालपासून पुसतान!”

“गंज चढतोय गं. खारा वारा.”

“खाऱ्या वाऱ्याला काय भ्यायचा? आमची होरी बारा म्हयनं खाऱ्या पान्यान रेते. मुशीचा तेल चोपरायचा. आमचे मानसाला सांगते, घेऊन येल.”

दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा गोमाजी मुशीच्या तेलाचा डबा घेऊन हजर. मुशी म्हणजे छोटा शार्क. त्याच्या काळजाचं तेल हे लोक होडीच्या लाकडाला पिढ्यान् पिढ्या लावत आलेत. डबा उघडला आणि आमच्या घरातून देवसुद्धा बाहेर पडले असतील, असा वास. पण गोमाजीचा जीव केवढा त्यात! पंच्यावर तेल घेऊन त्याने एकेक नळी अशी माखली की बाळंतीण बाळाला माखत नसेल.

“दादा, यो तेल लावला का लोखंडाला खारा वारा शिवनार पन नाय. नलीचे आतन पन सोरू?”

“सोड,” हे म्हणाले. “भरपूर सोड.”

दोघांनी मिळून वरच्या टोप्या काढल्या आणि आतही तेल सोडलं. दोघं एवढे खूष होते की मला काही म्हणवेना, नाकाला पदर लावून चहा केला. त्यानंतर बिल्डिंगमधली सगळी मांजरं आमच्या दारात. हे सायकल घेऊन खाली उतरले की मागून मांजरांची वरात. साहेबांनी म्हणे विचारलं, “गुरुदत्त, डब्यात रोज सुकट असते का हो?”

आम्ही हसलो. खूप दिवसांनी हसलो. पण लाकूड ते लाकूड आणि नळी ती नळी. लाकूड तेल पिऊन टाकतं, नळी काय पिणार? पुढे ऊन तापलं, ऑक्टोबरचं ऊन, आणि ते तेल वाळत वाळत डिंकासारखं झालं. एका सोमवारी सकाळी यांनी निघायच्या आधी सवयीने हँडल दाबलं, तर चिमटा हलेना. अंगाचा भार टाकला. नाही. दोन्ही नळ्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की लोखंडी सळई परवडली.

हे तसेच उभे राहिले. ऑफिसात ते शीट टेबलावर लावून ठेवलेलं. त्या दिवशी शाई धरायची होती.

“रिक्षा करा,” मी म्हणाले.

“रिक्षात धक्के असतात.”

“मग आज रजा टाका.”

“साहेबांनी पाच वेळा विचारलंय.”

पुढचं वाक्य मला बोलायचं नव्हतं. मी नुसत्या चपला घातल्या आणि डब्याची पिशवी उचलली. “चला,” म्हटलं, “मी येते बरोबर.”

हे मग बूट घालायला बसले. नाडी बांधायला फार वेळ लागला. मी वाकले नाही. वाकले असते तर यांना आवडलं नसतं.

आम्ही चालत निघालो. इतक्या वर्षांत सकाळच्या वेळी आम्ही दोघं असे कधी रस्त्यावर नव्हतो. ऊन अजून कोवळं होतं. पुलावर चढल्यावर डाव्या हाताला खाडीवर धुकं दिसलं, पांढरं, स्वस्थ बसलेलं. पुलावरचे खड्डे आम्ही वळसा घालून ओलांडले. यांचे हात पँटच्या खिशात. मी आपली काहीबाही बोलत होते, की सरोजच्या हॉस्पिटलात नवी मेट्रन आलीय, की भागीरथीने काल बोंबील बरे दिले. मला वाटत होतं हा पूल संपूच नये.

ऑफिसच्या दारात हे “बरं” म्हणाले आणि आत गेले. मी थोडी परत फिरले आणि लक्षात आलं, डबा माझ्याच हातात. तशीच उलट आले. व्हरांड्याच्या खिडकीतून यांचं टेबल दिसतं. मी हाक मारणार होते, पण मारली नाही.

हे शीटसमोर बसले होते. पेनात शाई भरली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. पेन कापडाजवळ नेलं आणि तिथेच, बोटभर वर, थांबवून ठेवलं. मला बाहेरून दिसत होतं. पेनाचं टोक हलत होतं. सायकल नव्हती, खड्डा नव्हता, आम्ही मुंगीच्या पावलांनी चालत आलो होतो, आणि ते टोक हलत होतं. हे त्याच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखादा पाहुणा दारात किती दिवस उभा आहे हे आज दिसावं तसे.

मग यांनी पेन कापडाला न लावताच बाजूला घेतलं. टोक फडक्याने स्वच्छ पुसलं. शाईच्या बाटलीचं बूच लावलं. शीटवर पांढरं कापड पसरलं, चारी कोपऱ्यांना वजनं ठेवली, शर्ट खाली ओढून नीट केला आणि साहेबांच्या खोलीकडे चालत गेले. ताठ गेले. मी डबा शिपायाकडे दिला आणि पुलावरून घरी येईपर्यंत रडले. भररस्त्यात रडले, कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

संध्याकाळी हे चालतच परतले. पाणी प्यायले. “मंदा, रस्ता नव्हता तो,” म्हणाले.

“हो.”

“मला ठाऊक होतं गं.”

“मलाही.”

“शीट परत केलं. म्हटलं, साहेब, एकही रेघ खराब केलेली नाही. दुसऱ्या कुणाला द्या. मला तपासायच्या टेबलावर बसवा, डोळे अजून चांगले आहेत माझे.” मग म्हणाले, “साहेब उठून उभे राहिले. उगाचच.”

सरोजने कल्याणच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटं उघडमीट करायला सांगितली, चालवून बघितलं आणि कंपवात म्हणाले. गोळ्या दिल्या. जाणार नाही, पण हळूहळू वाढेल असं बघू, म्हणाले. सरोज बाहेर आल्यावर यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मुसमुसली आणि हेच तिला थोपटत बसले.

गोमाजी कळल्याबरोबर आला. हातात दोन मोठी पापलेटं, तोंड एवढंसं.

“माजेमुलं झाला दादा. तुमचा शॉकअप मीच खाल्ला.”

“अरे बाबा, तू लोखंडाला तेल लावलंस, त्यात तुझं काय चुकलं?” हे म्हणाले. “बस. आता सोडवायला मदत कर.”

मला वाटलं होतं, आता ती सायकल भंगारात जाईल. पण रविवारी यांनी पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. स्वतः पाटावर बसले आणि मला म्हणाले, “हात तुझे. सांगतो मी.”

मग काय, पदर खोचला आणि बसले. गोमाजीने नळ्या धरल्या, मी रॉकेलच्या बोळ्याने तो डिंक सोडवत गेले. हे सांगत होते. टोपी उलटी फिरव, जोर नको. आता ती बारीक कडी, तिला पकडीने दाब, उडेल हं. कडी उडालीच, पलंगाखाली गेली, गोमाजी पालथा पडून शोधत बसला. नळ्या एकदाच्या सुटल्या, मी आतून बाहेरून कोरड्या पुसल्या, नवं ग्रीस लावलं. यांचे हात मांडीवर होते, उजवा आपला हलत होता. यांनी तो लपवला नाही. मला पहिल्यांदाच त्या हाताकडे सरळ बघता आलं.

“ठोकळे कुठले घालू? निळे दोन ना तुमचे?”

“निळे नको. सगळे पिवळे घाल.”

“सगळे पिवळे? मग तुम्ही बसलात की तळाला जाईल.”

“मी बसलो तर जाईल,” हे म्हणाले. “पण तुझं वजन केवढं ते?”

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी एवढी हसले की रॉकेलची वाटी सांडली. “अहो, काहीतरीच! या वयात? साडी नेसून?”

“शाळेत असताना डोंबिवलीला भाड्याची सायकल फिरवायचीस, तूच सांगतेस ना? इतकं छान जमलंय हे. कुणीतरी चालवायला नको?”

गोमाजी पलंगाखालून ओरडला, “चालवा वयनी! आमची भागीरथी होरी वल्हवते, तुमाला सायकल काय कठीन हाय?”

पुढच्या रविवारी पहाटे आम्ही मिठागराच्या बांधावर गेलो. तिथे कुणी नसतं. वाफ्यांत पाणी भरलेलं, आभाळ त्यात उतरलेलं, आणि मधून तो मातीचा अरुंद बांध. पाण्यात लांब पायांचे पक्षी उभे होते, ते आमच्याकडे ढुंकूनही बघेनात. मी साडी वर खोचून पिन लावली. “कुणी ओळखीचं दिसलं तर मी सरळ खाडीत उडी टाकीन,” असं बजावलं आणि चढले. यांनी मागून सीट धरली.

पायडल मारलं. बांधावर वाळल्या चिखलाची ढेकळं, खेकड्यांची बिळं, बैलगाडीच्या चाकोऱ्या. मी डोळे मिटून घेणार होते. पण काही झालंच नाही. चाक खाली जात होतं, वर येत होतं, आणि हँडल माझ्या हातात शांत. यांनी वर्षभर जे मला सांगितलं होतं ते मला तेव्हा समजलं. खरंच रस्ता नव्हता. दोन्ही बाजूंना आभाळ आणि मी मधून चाललेली.

पुढून एक धक्का येत नव्हता. मागून मात्र येत होता. सीट धरलेल्या यांच्या हाताची थरथर सीटमधून माझ्या कमरेत, पाठीत येत होती. बारीक, न थांबणारी. तिच्यासाठी आनंदच्या पिशवीत ठोकळा नव्हता.

“जमतंय की गं तुला!” हे मागून धापा टाकत म्हणाले. “सोडू का?”

“नाही,” मी म्हणाले. “धरून ठेवा.”